प्रश्न तुमचे: विंडोज उठत नाही तेव्हा हाताशी काय हवं?

वळवाचा पाऊस सुरू झाला की शहापुरातल्या माझ्या दुकानात सकाळी शटर वर करायच्या आधीच कुणीतरी पिशवीत संगणक घेऊन पायरीवर बसलेलं असतं. "अक्का, काल कडाडलं, लाइट दोनदा गेली-आली, तेव्हापासून उठेना." या महिन्यात आलेल्या पत्रांतही तेच गाऱ्हाणं जास्त आहे, म्हणून त्यातली चार पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्राला मोठं उत्तर दिलंय, कारण ते नीट समजलं तर बाकीच्यांचं अर्धं काम तिथंच होतं.

प्रश्न: अक्का, निपाणीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, सोसायटीचे अहवाल, मराठी आणि कन्नड दोन्ही. गेल्या आठवड्यात पावसात वीज गेली आणि आली, तेव्हापासून लॅपटॉप 'ऑटोमॅटिक रिपेअर' असं दाखवून गोल गोल फिरत राहतो. दोन वर्षांपूर्वी एकानं 'रेस्क्यू डीव्हीडी', म्हणजे विंडोज अडलं तर जिच्यावरून संगणक सुरू करायचा ती डिस्क, करून दिली होती. माझ्या लॅपटॉपला डीव्हीडीची जागाच नाही, म्हणून शेजाऱ्याचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, तरी काही झालं नाही. आता सगळे सांगतात, फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाका. आत अकरा पत्रिका अर्धवट आहेत, नुडी आणि श्रीलिपी या फॉन्टांतल्या सगळ्या फाइल आहेत. काय करू? आणि पुढच्या वेळेसाठी अशी डिस्क खरोखर चालेल याची खात्री कशी करायची?

उत्तर: दादा, आधी लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवा आणि 'फॉरमॅट' हा शब्द कुणाच्याही तोंडून आला तरी हात लावू देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून आतली हार्डडिस्क जिवंत दिसते. वीज अचानक गेली तेव्हा विंडोजच्या स्वतःच्या फाइल अर्धवट लिहिल्या गेल्या असाव्यात, म्हणून ते उठत नाही. तुमच्या पत्रिका वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत आणि बहुतेक जशाच्या तशा असतील. म्हणून आधी पत्रिका बाहेर काढायच्या, मग विंडोजचं बघायचं. हा क्रम उलटा केलात तर पत्रिका हातच्या जातील.

एखाद्या मित्राचा चालू संगणक घ्या आणि ८ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा त्यात मुलांचे फोटो वगैरे नाहीत ना ते बघा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर 'मीडिया क्रिएशन टूल' फुकट मिळतं. ते चालवलं की विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह तयार होतो. नाव इन्स्टॉलेशन असलं तरी आपल्याला त्यातून काहीही इन्स्टॉल करायचं नाही. सोबत फाइल काढून घ्यायला दुसरा एक रिकामा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क ठेवा.

पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा. तो कसा करायचा ते खाली खानापूरच्या गुरुजींच्या उत्तरात आहे. भाषा निवडायची पाटी आली की 'इन्स्टॉल'कडे जाऊ नका. 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' शोधा. नव्या आवृत्तीत तिथं 'रिपेअर माय पीसी' लिहिलेलं असतं. मग 'ट्रबलशूट', आणि पुढं 'कमांड प्रॉम्प्ट'. काळी खिडकी येईल. तिच्यात 'नोटपॅड' हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. तुमचं नेहमीचं नोटपॅड उघडेल. आता फाइल मेनूतून 'ओपन' घ्या आणि खालच्या कोपऱ्यात 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स' आहे तिथं 'ऑल फाइल्स' करा. ही ओपनची खिडकी आता तुमची फाइल बघायची खिडकी झाली! पत्रिकांच्या फोल्डरवर उजवं बटण दाबून 'कॉपी', मग दुसऱ्या ड्राइव्हवर जाऊन 'पेस्ट'. मोठा फोल्डर असला तर खिडकी गोठल्यासारखी वाटेल. चहा घेऊन या, पण बंद करू नका.

इथं दोन ठिकाणी माणसं घाबरतात. एक म्हणजे तुमचा 'सी' ड्राइव्ह तिथं 'डी' किंवा 'ई' म्हणून दिसू शकतो. अक्षरावर जाऊ नका, आत 'युजर्स' नावाचा फोल्डर आहे का ते बघा. दुसरं म्हणजे समोर 'रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह' किंवा 'रिमूव्ह एव्हरीथिंग' असं काही आलं तर त्याला हात लावायचा नाही. शब्द धीर देणारे वाटतात, पण ते तुमच्या फाइल पुसतात.

आणि दादा, एक गोष्ट डीटीपीवाल्यांसाठी खास. नुसत्या पत्रिका काढून घेतल्या आणि फॉन्ट राहिले तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चुराडा दिसतो. श्रीलिपीच्या किंवा नुडीच्या जुन्या फाइलमध्ये अक्षर म्हणून जे साठवलेलं असतं ते युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखं दिसणारं अक्षर, नसतं; तो त्या विशिष्ट फॉन्टचा सांकेतिक क्रमांक असतो. फॉन्ट नसला की तो क्रमांक भलतंच अक्षर दाखवतो. म्हणून 'विंडोज' फोल्डरच्या आतला 'फॉन्ट्स' फोल्डरही कॉपी करून ठेवा. कोरल किंवा पेजमेकरच्या मूळ फाइल तर घ्याच.

हे सगळं बाहेर निघालं, दुसऱ्या संगणकावर उघडून बघितलं, की मग परत येऊन 'स्टार्टअप रिपेअर' करून बघा. नाही जमलं तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स', मग 'सिस्टिम रिस्टोअर'. तरी नाहीच उठलं तर विंडोज नव्यानं टाका. तेव्हा काळजी नाही.

आता तुमच्या त्या डीव्हीडीबद्दल. ती चालू संगणकात घालून उघडा. आत एकच मोठी फाइल दिसते का, नावाच्या शेवटी 'आयएसओ' असलेली? दिसली तर ती डीव्हीडी पहिल्या दिवसापासूनच निकामी होती. आयएसओ म्हणजे संपूर्ण डिस्कचं चित्र. ते डिस्कवर 'इमेज' म्हणून लिहावं लागतं. नुसती फाइल म्हणून टाकली तर संगणकाला त्यात सुरू होण्यासारखं काही सापडत नाही. नीट तयार झालेल्या डिस्कमध्ये 'बूट', 'ईएफआय', 'सोर्सेस' असे फोल्डर दिसतात.

हे मी ठासून सांगते त्याला कारण आहे. २००९ च्या पावसाळ्यात एका वाचनालयाचा संगणक माझ्याकडं आला होता. पुस्तकांची सगळी नोंद, सभासदांची वर्गणी, बारा वर्षांचं काम त्यात. त्यांच्यासाठी मीच वर्षभर आधी एक रेस्क्यू सीडी केली होती, वर पर्मनंट मार्करनं सुबक अक्षरात नाव लिहून कपाटात ठेवायला दिली होती. त्या दिवशी ती सीडी घातली आणि संगणकानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. उघडून बघते तर आत एकटी आयएसओ फाइल. त्या काळी विंडोज एक्सपीला आयएसओ सीडीवर लिहायची सोय स्वतःची नव्हती, ती विंडोज ७ मध्ये आली. मी घाईत नीरो या सीडी लिहायच्या प्रोग्रॅममध्ये 'डेटा सीडी' करून टाकली होती. दुसरी सीडी करायला घरी गेले, परत आले, तोवर त्यांच्यातल्या कुणीतरी चार-पाच वेळा चालू-बंद करून बघितलं होतं. हार्डडिस्कमधून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला होता, आणि नंतर ती दिसायचीच बंद झाली. वाचनालयातल्या दोन ताईंनी पुढचे सात महिने रजिस्टरं समोर ठेवून पुन्हा सगळी नोंद टाइप केली. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. पण करून दिलेली आणि चालवून न बघितलेली डिस्क मी त्यानंतर कुणाच्या हातात दिलेली नाही.

तर पुढच्या वेळेची तयारी. लॅपटॉप पुन्हा नीट झाला की त्याच्यासाठी दोन पेनड्राइव्ह करा. एक विंडोजचा, वर सांगितला तसा. दुसरा लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, ही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालते. लिनक्सची आयएसओ नेटवरून उतरवून 'रुफस' या छोट्या प्रोग्रॅमनं ती पेनड्राइव्हवर चढवायची. लिनक्समध्ये तुमचे फोल्डर साधे डोळ्यांसमोर दिसतात, नोटपॅडची वाट धरावी लागत नाही, म्हणून नवख्या माणसाला मी तोच सोपा सांगते. वेंटॉय म्हणून एक चांगलं साधन आहे, त्यात एकाच पेनड्राइव्हवर कितीही आयएसओ नुसत्या कॉपी करता येतात. माझ्या खिशात तेच असतं. पण सिक्युअर बूट (अनोळखी डिस्कवरून सुरू होऊ न देणारा पहारा) चालू असलेल्या लॅपटॉपवर ते पहिल्यांदा एक निळी पाटी दाखवून किल्ली नोंदवायला सांगतं आणि तिथं माणूस अडकतो. तुम्ही रुफसच वापरा.

उतरवलेली आयएसओ पूर्ण आणि शाबूत आहे का ते बघायचं. आपल्याकडं नेट मधेच तुटतं, फाइल अर्धी राहते. लिनक्सच्या साइटवर आयएसओशेजारी ६४ अक्षरांची 'एसएचए २५६' ओळ दिलेली असते. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल' ही आज्ञा 'हॅशफाइल' या पर्यायासह त्या फाइलवर, शेवटी इंग्रजीत 'SHA256' लिहून चालवली की तुमच्या फाइलची ओळ मिळते. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी पुन्हा उतरवा. पेनड्राइव्हही खात्रीच्या दुकानातून घ्या. वर ६४ जीबी छापलेले, आत प्रत्यक्षात ८ जीबी असलेले माझ्याकडं आलेत. त्यात तेवढ्यापुढं लिहिलेलं कुठंतरी हरवतं. 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचा फुकट प्रोग्रॅम पूर्ण पेनड्राइव्ह भरून, परत वाचून खरं काय ते सांगतो.

आणि मग चाचणी, त्याच लॅपटॉपवर आणि लॅपटॉप धडधाकट असतानाच. माझ्या दुकानातल्या संगणकावर चालला म्हणजे तुमच्याकडं चालेल असं होत नाही. पेनड्राइव्हवरून सुरू करा. लिनक्समध्ये 'इन्स्टॉल' असं लिहिलेलं आयकॉन दिसेल, त्याला शिवू नका. टचपॅड चालतो का, तुमची डिस्क दिसते का, पत्रिकांचा फोल्डर उघडतो का ते बघा. एक पत्रिका दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि शेजारच्या दुकानातल्या संगणकावर उघडा. वधूवरांची नावं अक्षरशः बरोबर दिसली की चाचणी झाली. त्याआधी 'चाललं वाटतं' म्हणून उठू नका. बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये पेनड्राइव्ह झकास सुरू होतो आणि आत डिस्कच दिसत नाही, कारण डिस्क इंटेलच्या 'रॅपिड स्टोरेज' व्यवस्थेमागं असते. त्याचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मिळतो, तो विंडोजच्या पेनड्राइव्हवर आधीच ठेवला की 'लोड ड्रायव्हर' म्हणून देता येतो. हे संकटाच्या रात्री कळण्यापेक्षा मोकळ्या दुपारी कळलेलं बरं.

दर वर्षी मृग निघायच्या आधी कौलं बघतो ना आपण, तेव्हाच हे दोन्ही पेनड्राइव्ह काढून पुन्हा करा.

प्रश्न: मी खानापूरचा निवृत्त शिक्षक. नातवाच्या मदतीनं पेनड्राइव्ह तयार केला, आत 'बूट' वगैरे फोल्डर दिसतात. पण लॅपटॉप त्याकडे लक्षच देत नाही, सरळ विंडोज सुरू होते. शिवाय चाचणी करताना आतलं काही पुसलं जाईल अशी भीती वाटते.

उत्तर: गुरुजी, पेनड्राइव्ह बरोबर आहे. लॅपटॉपला सांगावं लागतं की आज आधी इकडं बघ. बटण दाबल्या दाबल्या एक कळ टपटप दाबत राहायची. डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ १२. एचपीत आधी एस्केप, मग एफ ९. आसुसमध्ये एस्केप किंवा एफ ८. एसरमध्ये एफ १२ असते, पण काही मॉडेलांत ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी येणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन आधी चालू करावी लागते. लॅपटॉपवर नुसत्या एफ १२ ने आवाज किंवा उजेड बदलत असेल तर सोबत 'एफएन' दाबा.

त्याहून सोपी वाट म्हणजे विंडोज चालू असताना शिफ्टची कळ दाबून धरायची आणि 'रिस्टार्ट' करायचं. निळी पाटी येते, तिथं 'यूज अ डिव्हाइस' निवडलं की पेनड्राइव्हचं नाव दिसतं. ही वाट विंडोज उठत असेपर्यंतचीच, म्हणून कळ कोणती तेही एकदा शोधून पेनड्राइव्हला दोऱ्यानं चिठ्ठी बांधून तीवर लिहून ठेवा.

अजून एक. विंडोज 'शटडाउन' केलं तरी पूर्ण बंद होत नाही, 'फास्ट स्टार्टअप'मुळं अर्धं झोपून राहतं. मग लिनक्स त्या डिस्कवर लिहू देत नाही, नुसतं वाचू देतं. फाइल काढून घ्यायला तेवढं पुरतं, पण पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून 'शटडाउन' करा.

पुसलं जाण्याची भीती रास्त आहे, पण चाचणीत काही पुसलं जात नाही. विंडोजच्या पेनड्राइव्हवर भाषेची पाटी आली की थांबा, बंद करा. तुम्ही स्वतः 'इन्स्टॉल'वर जाऊन, डिस्क निवडून, 'हो' म्हणेपर्यंत आतलं जागचं हलत नाही. नातवाला शेजारी बसवा, पण बटणं तुम्ही दाबा.

प्रश्न: उचगाव भागातल्या आमच्या दूध डेअरीचा मी सेक्रेटरी. पेनड्राइव्ह चालतो की नाही बघावं म्हणून पोरानं बायोसमध्ये काहीतरी बदललं. आता संगणक चालू करताना ४८ आकडी किल्ली मागतो. आम्ही असली किल्ली कधी घातलीच नाही. दहा दिवसांचं बिल काढायचं आहे, दीडशे उत्पादक दारात येतील.

उत्तर: दादा, पोराला रागावू नका. त्यानं बहुतेक 'सिक्युअर बूट' बंद केलं. पहिलं काम: बायोसमध्ये जाऊन ते पुन्हा होतं तसं करा. बऱ्याचदा तेवढ्यानं किल्ली मागणं थांबतं.

नाही थांबलं तर ही बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, किल्ली आहे. विंडोज ११ च्या अनेक संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं संगणक सुरू केला त्या खात्यात जाऊन बसते. संगणक घेतला तेव्हा कुणाचा ईमेल घातला होता ते आठवा. चेअरमनसाहेबांचा, की विकणाऱ्याचा? त्या खात्यात मोबाइलवरून शिरून 'रिकव्हरी की' बघा. पडद्यावर किल्लीचा जो ओळखक्रमांक दिसतोय त्याची पहिली आठ अक्षरं जुळवा, कारण एका खात्यात दोन-तीन किल्ल्याही असतात. किल्ली मिळाली नाही तर लिनक्स असो की विंडोजचा पेनड्राइव्ह, कुठलीच डिस्क आतलं वाचू शकत नाही. मीही नाही. कुणी पैसे घेऊन 'तोडून देतो' म्हणाला तर देऊ नका.

१९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या अपडेटमुळं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. उपाय अगदी छोटा होता, रिकव्हरीत जाऊन एक फाइल पुसायची. पण ज्यांच्या डिस्कला कुलूप होतं त्यांना आधी ही ४८ आकडी किल्ली शोधावी लागली, मग ती फाइल. तेव्हा संगणक उठला की त्याच दिवशी किल्ली कागदावर उतरवा, दुसऱ्याकडून आकडे ताडून घ्या, आणि डेअरीच्या कपाटात शेअर रजिस्टरशेजारी ठेवा. बायोसला हात लावायच्या आधी तो कागद समोर हवा.

प्रश्न: चिकोडी तालुक्यातल्या मराठी शाळेत मी शिकवते. देणगीत आलेले चार जुने संगणक आहेत, पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाहीत. सीडी ड्राइव्ह आहे. सीडीवर रेस्क्यू डिस्क अजून करता येते का?

उत्तर: येते की, बाई. फक्त माप लक्षात ठेवा. सीडीत ७०० एमबी, डीव्हीडीत ४.७ जीबी. विंडोज ११ ची आयएसओ साध्या डीव्हीडीत मावत नाही, आणि त्या संगणकांवर ती चालणारही नाही. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर आताचं उबुंटू आणि मिंटही चालत नाही. 'अँटिएक्स' नावाचं हलकं लिनक्स ३२ बिटमध्ये मिळतं, ते डीव्हीडीवर उतरवा. सीडी ड्राइव्ह डीव्हीडी वाचणारा आहे का ते त्याच्या तोंडावर छापलेलं असतं. नसेल तर अँटिएक्सची सीडीत मावणारी लहान आवृत्ती घ्या.

विंडोजमध्ये आयएसओवर उजवं बटण दाबून 'बर्न डिस्क इमेज' करा आणि 'व्हेरिफाय'च्या चौकोनात टिक करायला विसरू नका. वेग कमीत कमी ठेवा, जुन्या ड्राइव्हना सावकाश लिहिलेली डिस्क नीट वाचता येते. दोन प्रती करा. पावसाळ्यातल्या ओलीनं डिस्कवर बुरशी धरते, तेव्हा एक प्रत शाळेत आणि एक तुमच्या घरी, जाड पाकिटात. चारही संगणकांवर घालून बघा, कारण चार जुन्या ड्राइव्हपैकी एखादा तरी डिस्क वाचत नाही, आणि तो कोणता हे सुट्टीतच कळलेलं बरं. सातवी-आठवीच्या मुलांनाच हे काम द्या. डिस्क घालणं, एफ १२ दाबणं, काय दिसलं ते वहीत संगणकाच्या नंबरासमोर लिहिणं. वहीचं पान भरलं की त्याचा फोटो मला पाठवा, जो संगणक अडेल त्याचं पुढच्या अंकात बघू.